नवा भाग बसवल्यावर डेस्कटॉप सुरू होत नसेल तर : दोष शोधायचा कसा

सर्वात आधी करायचं काम सर्वात सोपं आहे आणि बहुतेक जण नेमकं तेच शेवटी करतात: नवा भाग काढा, जुना परत लावा (खालचा 'हात घालण्यापूर्वी' हा भाग वाचून). रॅम वाढवली असेल तर नवी पट्टी काढून ठेवा. ग्राफिक्स कार्ड टाकलं असेल तर ते उतरवून मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. नवी एसएसडी असेल तर तीही बाहेर काढा. मग बटण दाबा. जुन्या अवस्थेत मशीन सुरू झालं, तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड आणि प्रोसेसर धड आहेत हे दहा मिनिटांत कळतं आणि शोध एका भागापुरता उरतो. जुन्या अवस्थेतही झालं नाही, तर संशय नव्या भागावरून हटवा. कॅबिनेटमध्ये हात घालताना एखादी वायर सैल झाली असेल, पट्टी हलली असेल किंवा कनेक्टर निसटला असेल.

नवा भाग मुळातच खराब निघणं हे कारण यादीत शेवटी ठेवावं. त्याआधी येतात अर्धवट बसलेली रॅम, विसरलेली पॉवर केबल, जुनं बायोस (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारी, मदरबोर्डवरची प्रणाली), चुकीच्या पोर्टला लावलेला मॉनिटर आणि बदललेली बूट सेटिंग. ही सगळी कारणं घरच्या घरी, एका स्टार स्क्रूड्रायव्हरने आणि थोड्या संयमाने सुटतात. म्हणून दुकानात वस्तू परत करायला धावण्याआधी हे सगळं एकदा करून पाहाच.

हात घालण्यापूर्वी

विंडोज १० किंवा ११ असेल तर आधी बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, विचार करा. प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा बायोस बदललं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतला डेटा उघडणार नाही. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, आणि घरातल्या कुणालाही त्याचा पत्ता नसतो. फोनवरून त्याच अकाउंटमध्ये जाऊन 'डिव्हाइसेस' खाली की दिसते का ते पाहा आणि कागदावर उतरवून घ्या. मशीन जुन्या भागांवर सुरू होत असेल तर कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, म्हणजे 'सस्पेंड' करा. होम आवृत्तीत सेटिंग्जमधलं 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. मगच पुढे चला.

दुसरी गोष्ट विजेची. नुसतं शटडाउन करून भागत नाही. एसएमपीएसला वीज येते तोवर मदरबोर्डवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो, आणि त्या अवस्थेत रॅम किंवा कार्ड ओढलं तर ते जळू शकतं. भिंतीवरचं बटण बंद करा, केबल काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण ५-१० सेकंद दाबून धरा. उरलेला भार निघून जातो आणि मदरबोर्डवरचा छोटा दिवा असेल तर तो विझतो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच भागांना हात लावा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत, विशेषतः गालिचावर बसून काम करत असाल, तर मध्ये मध्ये पुन्हा हात लावत राहा.

कुठलीही वायर काढण्याआधी फोनवर फोटो काढा. कॅबिनेटच्या पुढच्या बटणापासून येणाऱ्या त्या बारीक वायरींचा तर जवळून काढा. नंतर त्या कुठे होत्या हे आठवत नाही.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

'चालू होत नाही' या तीन शब्दांत चार वेगवेगळे दोष लपलेले असतात, म्हणून आधी नीट बघा. एक, काहीच होत नाही. पंखासुद्धा हलत नाही. दोन, पंखे क्षणभर फिरतात आणि थांबतात, किंवा मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद होतं. तीन, पंखे व्यवस्थित चालतात पण स्क्रीन काळी राहते. चार, कंपनीचा लोगो किंवा बायोस दिसतं, पण विंडोज येत नाही. प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. चौथ्या प्रकारात रॅम खोडरबरने पुसत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

काहीच होत नाही

भिंतीचं बटण, मग एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच. काम करताना तो बंद केलेला असतो आणि तसाच राहतो. यूपीएस मध्ये असेल तर तो बाजूला ठेवून थेट भिंतीला जोडा. नंतर २४ पिनचा मोठा कनेक्टर. हा घट्ट असतो. खटका लागेपर्यंत दाबावा लागतो, आणि मदरबोर्ड थोडा वाकतो म्हणून लोक अर्ध्यावर थांबतात. बोर्डाखाली बोट ठेवून दाबा.

तरीही काही नाही, तर कॅबिनेटच्या बटणावर शंका घ्या. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात फ्रंट पॅनेलच्या पिना असतात. त्यांतल्या पॉवर स्विचच्या दोन पिना मॅन्युअलमध्ये शोधा, वायर काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडा. मशीन सुरू झालं तर वायर चुकीच्या पिनांवर होती किंवा बटणच खराब आहे.

एसएमपीएस जिवंत आहे का हे बघायचं असेल तर तो सगळ्या भागांपासून वेगळा करा. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर (१६ व्या क्रमांकाची पिन) आणि शेजारची काळी वायर यांच्यात वाकवलेली पेपरक्लिप घाला आणि मगच वीज चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान चालू होतो. अलीकडच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे क्रमांकावरून पिन ओळखा. आणि काही एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरतच नाही. म्हणून हाताशी मल्टीमीटर असेल तर तोच खरा. १२ व्होल्टच्या वायरवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टवर ३.१४ ते ३.४६ या दरम्यान आकडा यायला हवा. एसएमपीएसचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही जिवावर बेतेल इतका दाब धरून ठेवतात.

क्षणभर फिरतं आणि थांबतं

हे बहुतेक वेळा एसएमपीएसचं संरक्षण काम करतंय याचं लक्षण. कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा भार झेपत नाही. मदरबोर्ड बदलला असेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) मोजा. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा राहून गेला असेल तर तो मागच्या बाजूच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. निसटलेला स्क्रू बोर्डाखाली अडकलाय का तेही कॅबिनेट हळूच तिरकं करून, आवाज ऐकून बघा.

आता एक गंभीर इशारा. मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलला असेल आणि जुन्या एसएमपीएसच्या केबल तशाच ठेवल्या असतील, तर मशीन ताबडतोब बंद करा. भागांकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी कायमच्या जातात. ज्या एसएमपीएसचा डबा, त्याच डब्यातल्या केबल वापरायच्या. सुटी केबल बाजारातून आणायचा मोह टाळा.

एक गोष्ट मात्र दोष नाही. डीडीआर५ या पिढीच्या रॅमचं नवं मशीन, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटचं (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा), पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करतं. त्या काळात स्क्रीन काळी, मदरबोर्डवरचा रॅमचा दिवा पेटलेला, आणि एकदोनदा आपोआप रीस्टार्टही होतं. काही मिनिटं लागतात. रॅम जास्त आणि बायोस जुनं असेल तर १०-१५ मिनिटंही. घाबरून मध्येच वीज बंद केली की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पहिल्या वेळी चहा करून या, मगच निष्कर्ष काढा.

पंखे चालतात, स्क्रीन काळी

सर्वाधिक तक्रारी इथे येतात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डाच्या पोर्टला हवी. कार्ड दिसलं की बरेच मदरबोर्ड स्वतःचं डिस्प्ले आउटपुट बंद करतात. उलट, कार्ड काढून तपासणी करत असाल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते पाहा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक्स नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००, ५६००एक्स यांतही नाही. अशा मशीनमधून कार्ड काढलं तर स्क्रीन काळी राहणारच. तो दोष नव्हे. तिथे कुणाचं तरी जुनं कार्ड तात्पुरतं आणून लावावं लागेल.

मग मदरबोर्डचे दिवे बघा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीआरएएम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज सुरू होणं) असे चार छोटे दिवे असतात. सुरू होताना ते एकामागून एक पेटून विझतात. जो पेटलेलाच राहतो तिथे गाडी अडली आहे. दिवे नसतील तर बोर्डाच्या स्पीकर पिनांवर एक छोटा बझर लावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असले बारीकसारीक भाग मिळून जातात. आसुसच्या बोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे रॅम सापडत नाही, एक लांब आणि तीन आखूड म्हणजे ग्राफिक्स सापडत नाही. इतर कंपन्यांचे संकेत वेगळे असतात, ते मॅन्युअलमध्ये पाहा.

*रॅमचा दिवा पेटलेला असेल तर.* सगळ्या पट्ट्या काढा. एकच पट्टी घ्या आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्याचं नाव ए२ असतं. दोन पट्ट्या असतील तर ए२ आणि बी२, म्हणजे दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी लावलेल्या पट्ट्या हा घरोघरी दिसणारा घोटाळा आहे. काही बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो. दुसरं टोक बसल्यासारखं दिसतं, पण बसलेलं नसतं. दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ, भरपूर दाब द्या.

सोनेरी पट्टीवर डाग किंवा काळपटपणा असेल तर मऊ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा आणि चुरा कोरड्या ब्रशने पूर्ण काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर तेच चांगलं. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं चालणाऱ्या मशीनला हा उपाय हमखास लागू पडतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीची वाफ आत जाते.

आता पट्ट्या एकेक करून तपासा. जुनी एकटी चालते, नवी एकटी चालते, पण दोन्ही मिळून चालत नाहीत, असं झालं तर पट्टी खराब नाही. जोडी जमत नाही. २४०० आणि ३२०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर सहसा दोन्ही कमी वेगाने चालतात, पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून पाहा. चार पट्ट्या लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण वाढतो आणि दोन पट्ट्यांवर चालणारा वेग चारांवर चालत नाही. शक्य असेल तेव्हा ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत आणखी दोन घालण्याऐवजी १६ जीबीच्या दोनांचा एकाच डब्यातला संच घ्यावा.

स्वस्त वापरलेल्या रॅममध्ये दोन सापळे असतात. सर्व्हरमधून निघालेली 'रजिस्टर्ड' रॅम घरगुती बोर्डावर चालतच नाही, जरी स्लॉटमध्ये बसली तरी. आणि डीडीआर३ मध्ये फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या ८ जीबीच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. इंटेलच्या बोर्डावर त्या लावल्या की स्क्रीन काळीच. लेबल नीट वाचा.

*व्हीजीएचा दिवा पेटलेला असेल तर.* कार्ड प्रोसेसरच्या सर्वात जवळच्या लांब स्लॉटमध्ये, खटका लागेपर्यंत बसलंय का? कॅबिनेटच्या पट्टीला स्क्रू लावताना कार्डाचं दुसरं टोक उचललं जातं, ते पुन्हा दाबून बघा. मग पॉवर. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५ आणि ८ पिनमधून १५०. कार्डावर पॉवरचं सॉकेट असेल तर ते भरलंच पाहिजे. तिथे लागणारा कनेक्टर ६ अधिक २ अशा तुकड्यांचा असतो. ४ अधिक ४ तुकड्यांचा प्रोसेसरचा असतो. दोन्हींचे आकार जवळपास सारखे दिसतात, पण व्होल्टेजच्या जागा उलट्या आहेत. जोर लावून घुसवायचा प्रयत्न झाला तर तिथेच थांबा. नव्या कार्डांवरचा १६ पिनचा कनेक्टर तर फट अजिबात दिसणार नाही इतका आत जायला हवा. अर्धवट राहिला तर तो वितळू शकतो.

जुनं कार्ड नव्या बोर्डावर लावलं असेल तर आणखी एक कारण संभवतं. २०१२ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या अनेक कार्डांमध्ये यूईएफआयला (नव्या पद्धतीच्या बायोसला) लागणारा ग्राफिक्स कोड नाही. नव्या बोर्डांवर सीएसएम (जुनी पद्धत चालवून घेणारी बायोसमधली सेटिंग) बंद असतं, त्यामुळे अशी कार्डं चित्रच देत नाहीत. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर मशीन सुरू करून बायोसमध्ये सीएसएम चालू करता येतं का ते पाहा.

*सीपीयूचा दिवा पेटलेला असेल तर.* पहिली शंका बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या ८ पिनच्या पॉवर कनेक्टरवर. कूलर मोठा असेल तर तो झाकला जातो आणि लावायचा राहतो. तो नसेल तर पंखे फिरतील, दिवे लागतील, पण प्रोसेसर जागा होणार नाही.

दुसरी शंका बायोसवर. सॉकेट एकच आहे म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही. एलजीए ११५१ हे सॉकेट याचं ठळक उदाहरण: इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीला १०० आणि २०० मालिकेचे बोर्ड लागतात, आठव्या-नवव्या पिढीला ३०० मालिकेचे, आकार तोच, पण अदलाबदल चालत नाही. बी४५० बोर्डावर रायझन ५००० लावायचा तर आधी बायोस अपडेट लागतं. एच६१० किंवा बी६६० बोर्डावर इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावतानाही तेच. म्हणून नियम असा: जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बोर्डाच्या अधिकृत पानावरची प्रोसेसर यादी पाहा, बायोस अपडेट करा, मग जुना काढा.

जुना विकून टाकला असेल तर बोर्डावर 'बायोस फ्लॅशबॅक' बटण आहे का ते शोधा. असेल तर प्रोसेसरशिवायही अपडेट होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नेमकं नाव द्या, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात लावा, २४ पिन आणि ८ पिन पॉवर जोडा आणि बटण तीन-चार सेकंद दाबा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत, साधारण पाच ते आठ मिनिटं, हात लावू नका. जिथे वीज जाते-येते तिथे हे काम यूपीएसवरच करा, कारण अर्ध्यावर वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

तिसरी शंका पिनांवर. इंटेलच्या अलीकडच्या सॉकेटमध्ये आणि एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात. एएमडीच्याच एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या पोटाला. टॉर्च तिरकी धरून ओळी बघा. वाकलेली पिन चमक बदलल्यामुळे उठून दिसते. एएम४ चा कूलर काढताना थर्मल पेस्ट चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उचकटला जातो. तो टाळण्यासाठी आधी मशीन काही मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सैल करा. वाकलेली पिन सुईने किंवा मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकाने हळूहळू सरळ होते, पण हात स्थिर नसेल तर हे काम जाणत्याकडे द्या.

कूलरच्या तळावरची प्लॅस्टिकची फिल्म काढली का तेही बघा. ती राहिली तर मशीन सुरू होतं आणि थोड्याच वेळात तापून बंद पडतं. आणि 'सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ१' असा संदेश आला तर सहसा काही बिघडलेलं नसतं. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांऐवजी दुसरीकडे लागली आहे, एवढंच.

एएमडीचा प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा एक संदेश येतो: नवा प्रोसेसर आहे, एफटीपीएम (बिटलॉकरची किल्ली जपणारी सोय) रीसेट करायचं का, वाय की एन? बिटलॉकर चालू असेल आणि की हातात नसेल तर वाय दाबू नका. एन दाबून पुढे जा आणि आधी की शोधा.

बायोस मूळपदावर आणणं

वरचं सगळं करूनही स्क्रीन काळी असेल, तर सीमॉस (बायोसच्या सेटिंग साठतात ती जागा) क्लिअर करा. वीज पूर्ण काढा. बोर्डावर क्लिअर सीमॉस किंवा जेबॅट१ अशा नावाच्या दोन पिना शोधा आणि स्क्रूड्रायव्हरने ५-१० सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ हा गोल सेल काढून, पॉवर बटण काही सेकंद दाबून, पाच-दहा मिनिटांनी परत लावा. सेल पाच-सहा वर्षांचा झाला असेल तर नवाच लावा, मल्टीमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली असेल तर नक्कीच.

पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: क्लिअर केल्यावर डिस्कचा मोड, सीएसएम, सिक्युअर बूट, बूटचा क्रम, सगळं कारखान्यातल्या अवस्थेत जातं. जुन्या मशीनवर यामुळे स्क्रीन परत येते, पण विंडोज येत नाही. घाबरू नका, तो पुढचा भाग आहे.

कॅबिनेटबाहेरची चाचणी

अजूनही निदान होत नसेल तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चकचकीत पिशवीतून तो आला तिच्यावर नको. तिची बाहेरची बाजू वीज वाहू शकते. फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी, दोन पॉवर कनेक्टर आणि मॉनिटर. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड. डिस्क नको, कीबोर्डही नको. स्क्रूड्रायव्हरने पॉवर पिना जोडा. इथे बायोस दिसलं तर एकेक भाग वाढवत जा, प्रत्येक वेळी वीज काढून. दोन भाग एकदम वाढवले की पुन्हा अंधारात चाचपडणं आलं. इथेही काही दिसलं नाही, तर आता बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस या चारांपैकीच एक, आणि त्यांतला एकेक भाग दुसऱ्या चालू मशीनमध्ये तपासावा लागेल.

लोगो दिसतो, विंडोज येत नाही

सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. पहिला प्रश्न: डिस्क यादीत दिसते का?

दिसत नसेल तर एम.२ च्या (पट्टीसारखी एसएसडी बसते त्या) स्लॉटकडे वळा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ मध्ये एसएसडी लावली की एक-दोन साटा पोर्ट (डिस्कची केबल लागते ते) बंद होतात, कारण दोघांना एकच मार्गिका मिळते. म्हणजे नवी एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क 'गेली', असं वाटतं. ती फक्त दुसऱ्या साटा पोर्टला लावायची असते. कोणते पोर्ट बंद होतात याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतोच. दुसरं, एम.२ हा नुसता आकार आहे. आत साटाची डिस्क असू शकते किंवा एनव्हीएमईची (जास्त वेगवान प्रकारची), आणि काही स्लॉट दोघांपैकी एकच स्वीकारतात. एसएसडी तिरकी आत सरकवून पूर्ण बसली पाहिजे आणि मग स्क्रूने खाली दाबली गेली पाहिजे. सोनेरी पट्टी बाहेर डोकावत असेल तर ती बसलेली नाही. डीडीआर३ च्या काळातले बरेच बोर्ड अडॅप्टरवरची एनव्हीएमई डिस्क साठवणुकीला वापरतात, पण तिच्यावरून बूट करू शकत नाहीत. तिथे साटा एसएसडी घेणं शहाणपणाचं.

डिस्क दिसते, पण 'योग्य बूट डिव्हाइस निवडा' असा संदेश येतो, तर बूटचा क्रम बघा. नवी डिस्क आली की क्रम बदलतो. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' असेल तर तेच पहिलं ठेवा. आसुसवर एफ८, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२ दाबून एकदाच निवडूनही पाहता येतं. बूट मॅनेजर यादीतच नसेल आणि विंडोज जुन्या पद्धतीने, एमबीआर डिस्कवर टाकलेलं असेल, तर सीएसएम चालू केल्याशिवाय ते दिसणार नाही.

जुनी हार्ड डिस्क काढली आणि एसएसडीवरचं विंडोज सुरू होईना, हा प्रकार फार आढळतो. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर बूटच्या फाइली गुपचूप जुन्या डिस्कवर गेलेल्या असतात. तूर्त जुनी डिस्क परत लावा, मशीन सुरू होईल. कायमचा उपाय म्हणजे डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ३०० एमबीने लहान करायचा, त्या जागेत डिस्कपार्ट वापरून ईएफआय विभाग बनवून तो फॅट३२ करायचा आणि बीसीडीबूट या विंडोजच्याच साधनाने बूटच्या फाइली तिथे लिहायच्या. हे एसएसडी जीपीटी पद्धतीची (एमबीआरनंतरच्या नव्या पद्धतीची) असेल तरच. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा. डिस्कपार्टमध्ये चुकीची डिस्क निवडली तर परत फिरता येत नाही.

जुन्या डिस्कचं क्लोन (हुबेहूब प्रत) करून नवी एसएसडी लावली असेल तर पहिलं बूट फक्त नवी डिस्क जोडून करा. दोन्हींची ओळख एकच असल्यामुळे विंडोज गोंधळतं.

निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर बायोसमध्ये साटाचा मोड बघा. आधी रेड (RAID) असेल आणि आता एएचसीआय झाला असेल, किंवा उलट, तर तो पूर्वीसारखा करा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या मशीनवर व्हीएमडी नावाची सेटिंग हाच गोंधळ घालते. मोड बदलायचाच असेल तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावा, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग नेहमीसारखं सुरू करा.

या कुठल्याही टप्प्यावर फॉरमॅट करू नका. सांगणारे पुष्कळ भेटतील, पण भाग बदलल्यानंतरच्या दोषावर फॉरमॅट हा उपाय क्वचितच असतो आणि घरातले फोटो मात्र जातात.

सुरू झालं, पण भार आला की बंद पडतं

गेम सुरू केला की मशीन झटकन बंद होत असेल तर आधी यूपीएस तपासा. घरोघरी असणारा ६०० व्हीए चा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. नवं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्याच्यावर गेले की तो ट्रिप होतो आणि दोष मशीनच्या माथी येतो. थेट भिंतीला लावून पाहा. मग एसएमपीएस. स्वस्त कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसच्या लेबलवर ४५० वॉट लिहिलेलं असलं तरी खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर दिलेत ते वाचा. अँपिअरला १२ ने गुणलं की खरा उपयोगी आकडा मिळतो. दोन ८ पिन सॉकेटच्या कार्डाला एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल न्या. एकाच केबलच्या दोन शेपट्या नकोत.

मशीन अधूनमधून निळी स्क्रीन देत असेल तर रॅमची चाचणी घ्या. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली तर पट्टी एकेक करून पुन्हा तपासा. एक्सएमपी बंद केल्यावर चुका थांबल्या तर पट्टीचा वेग एक पायरी खाली आणून वापरता येते.

दुकानात नेताना

एवढं करूनही एकच भाग दोषी ठरला तर तो वॉरंटीत बदलून मिळतो, पण काही गोष्टी सांभाळा. सीरियल नंबरचं स्टिकर काढू नका, बिल आणि डबा सोबत न्या, मदरबोर्डच्या सॉकेटवर ते मूळ प्लॅस्टिकचं झाकण लावूनच न्या. वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत बसत नाहीत, म्हणून काउंटरवर देताना त्यांच्यासमोरच सॉकेटचा फोटो काढून घ्या. आणि 'चालू होत नाही' एवढंच सांगू नका. कोणता दिवा पेटतो, एका पट्टीवर काय होतं, कॅबिनेटबाहेर काय झालं, बायोसची आवृत्ती कोणती, हे चार ओळींत लिहून डब्याला चिकटवा. तंत्रज्ञाचा पहिला तास तिथेच वाचतो.